ऐकून घेण्याचे बंधन : डेन्मार्कमधील ज्येष्ठ नागरिक परिषदा आणि नगरशासन

प्रस्तावना

वृद्ध नागरिक आणि स्थानिक शासन यांच्या संबंधांचा इतिहास बहुधा निवृत्तिवेतन, वृद्धाश्रम आणि आरोग्यसेवा यांच्या अंगाने लिहिला जातो. शासनाने काय दिले, केव्हा दिले आणि कोणाला दिले हा अशा लेखनाचा गाभा असतो. देण्यापूर्वी घेणाऱ्याला विचारले होते काय, हा प्रश्न त्यात क्वचितच उपस्थित होतो. डेन्मार्कच्या इतिहासात मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. कारण १ जानेवारी १९९७ पासून त्या देशातील प्रत्येक नगरपालिकेत ज्येष्ठ नागरिकांची परिषद असणे कायद्याने अनिवार्य झाले आणि वृद्धांशी संबंधित प्रत्येक प्रस्तावावर तिचे मत मागविणे नगरपालिकेवर बंधनकारक झाले.

या परिषदेला निर्णयाचा अधिकार नाही. तिच्याजवळ स्वतःचा कर नाही, नोकरवर्ग नाही, नकाराधिकारही नाही. ती केवळ सल्ला देते. 'सल्लागार समिती' या शब्दाला आपल्याकडे थोडा शोभेचा वास येतो. शासन निर्णयाने नेमलेली, वर्षातून एकदा चहापानासाठी जमणारी आणि इतिवृत्तापुरती उरलेली समिती डोळ्यांसमोर उभी राहते. डेन्मार्कमधील परिषद या वर्णनात बसत नाही, आणि ती का बसत नाही याचे उत्तर तिच्या अधिकारांच्या यादीत शोधून सापडत नाही. ते नगरपालिकेच्या कामकाजाच्या क्रमात, म्हणजे मत नेमके कोणत्या टप्प्यावर मागविले जाते यात, शोधावे लागते. प्रस्तुत लेखात या व्यवस्थेची जडणघडण आणि तिचे प्रत्यक्ष कार्य यांचा विचार केला आहे.

'पात्र' वृद्धापासून हक्कदार वृद्धापर्यंत

डेन्मार्कच्या १८४९ च्या राज्यघटनेने त्या काळाच्या मानाने उदार मताधिकार दिला. तथापि तो स्वतःचे घर चालविणाऱ्या, तीस वर्षांवरील पुरुषांपुरता होता आणि गरीबनिधीतून मदत घेतलेल्यांना त्यातून वगळले होते. ज्याने ही मदत घेतली आणि जो ती परत करू शकला नाही, त्याचे मत गेले. म्हातारपणी हातपाय थकलेल्या मजुराला पोट भरायचे की नागरिक म्हणून उरायचे, यांतून एकच निवडता येई.

९ एप्रिल १८९१ च्या वृद्ध साहाय्य कायद्याने ही कोंडी अंशतः फोडली. साठ वर्षांवरील गरजू व्यक्तीला गरीबनिधीच्या बाहेरून मदत मिळू लागली आणि ती घेतल्याने नागरी हक्क जात नसत. मदतीचा खर्च नगरपालिका करी व त्याचा अर्धा भाग राज्य भरून देई. जगाच्या सामाजिक सुरक्षेच्या इतिहासात या कायद्याचा उल्लेख जर्मनीच्या १८८९ च्या विम्याबरोबर केला जातो. परंतु जर्मन योजना वर्गणीवर उभी होती, डॅनिश योजना करावर. ती चालविणारा हात स्थानिक होता, आणि पुढील साऱ्या इतिहासाच्या दृष्टीने हीच गोष्ट महत्त्वाची ठरली.

या कायद्यात 'पात्र' हा शब्द कळीचा होता. अर्जदार शिक्षा झालेला नसावा, त्याने उधळपट्टीने किंवा बेशिस्त वागण्याने स्वतःवर दारिद्र्य ओढवून घेतलेले नसावे, मागील दहा वर्षांत त्याने गरीबनिधीची मदत घेतलेली नसावी, अशा अटी होत्या. पात्रता तपासणे आणि मदतीची रक्कम ठरविणे ही दोन्ही कामे नगरपालिकेकडे होती. म्हणजे गावातील प्रतिष्ठित मंडळी गावातील म्हाताऱ्यांच्या आयुष्याचा ताळेबंद मांडून निकाल देत. वृद्धाने नगरपालिकेविषयी काय म्हणावे याची सोय नव्हती. नगरपालिकेने वृद्धाविषयी काय म्हणावे याची मात्र सविस्तर सोय होती.

१९२२ च्या कायद्याने रक्कम निश्चित दरांनी ठरू लागली व वयोमर्यादा ६५ झाली. १९३३ मध्ये के. के. स्टाइंके यांच्या सामाजिक सुधारणांनी विखुरलेले कायदे एकत्र केले आणि मदत ही मर्जी नसून हक्क आहे, हे तत्त्व रुजविले. १९५६ मध्ये सर्वांसाठी लोकनिवृत्तिवेतनाचा कायदा झाला. वृद्ध हक्कदार झाला. परंतु हक्कदार होणे आणि सल्ला विचारला जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि या दोहोंमध्ये आणखी चाळीस वर्षे गेली.

नगरपालिका मोठी होते

१ एप्रिल १९७० रोजी डेन्मार्कच्या स्थानिक शासनाचा नकाशा बदलला. हजारांहून अधिक लहान ग्रामपरिषदा व नगरे एकत्र करून सुमारे २७५ नगरपालिका करण्यात आल्या. १९७४ मध्ये संमत होऊन १९७६ मध्ये अमलात आलेल्या सामाजिक साहाय्य कायद्याने घरगुती मदत, शुश्रूषागृहे आणि कुटुंबसाहाय्य यांचा कारभार एकाच दाराशी आणला. ते दार नगरपालिकेचे होते.

येथे मराठी वाचकाने एक भेद ध्यानात घ्यावा. डेन्मार्कमधील नगरपालिका रस्ते, पाणी आणि कचरा यांपुरती मर्यादित नाही. शाळा, पाळणाघरे, ग्रंथालये, घरी येऊन आंघोळ घालणारी व स्वच्छता करणारी मदतनीस, परिचारिका आणि वृद्धांची निवासस्थाने ही सारी तिचीच जबाबदारी आहे. खेडे असो वा शहर, शासनाचा हा घटक सर्वत्र एकाच नावाने व एकाच रचनेने चालतो. त्यामुळे तेथील वृद्ध माणसाच्या दिनक्रमावर नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाचा जो थेट परिणाम होतो, त्याची कल्पना आपल्याकडील अनुभवावरून सहजी येत नाही. स्नान आठवड्यातून किती वेळा, हा तेथे नगरशासनाचा विषय आहे.

नगरपालिका मोठ्या झाल्या तशा त्या दूरही गेल्या. पूर्वी ग्रामपरिषदेचा सदस्य शेजारीच राहत असे. आता निर्णय समित्यांत आणि तज्ज्ञ अधिकाऱ्यांच्या टिपणांत होऊ लागले. १९७० व १९८० च्या दशकांत अनेक ठिकाणी निवृत्तांच्या मंडळांशी सल्लामसलत करण्याची ऐच्छिक प्रथा सुरू झाली ती या पार्श्वभूमीवर. या मंडळांचे अस्तित्व नगराध्यक्षाच्या इच्छेवर होते. एका नगरपालिकेत मत विचारले जाई, लगतच्या नगरपालिकेत विचारले जात नसे, आणि कोठेही न विचारल्याबद्दल जाब देण्याची वेळ येत नसे.

याच काळात विचारांची दिशाही पालटत होती. राष्ट्रीय ज्येष्ठ आयोगाने १९८० ते १९८२ या काळात सादर केलेल्या अहवालांत वृद्धांविषयीच्या धोरणासाठी तीन तत्त्वे मांडली : आयुष्यातील सातत्य, स्वतःविषयी निर्णय घेण्याचा अधिकार आणि स्वतःच्या उरलेल्या क्षमतांचा उपयोग. म्हातारपण म्हणजे केवळ काळजी घेण्याची अवस्था नव्हे, हा त्यांचा आशय होता. उत्तर शीलंडमधील स्केविंगे या छोट्या नगरपालिकेने १९८४ पासून शुश्रूषागृहाची भिंत ओलांडून गावातील सर्व वृद्धांना अहोरात्र सेवा देण्याचा प्रयोग केला व तो देशाबाहेरही गाजला. १९८७ च्या कायद्याने जुन्या धर्तीची शुश्रूषागृहे नव्याने बांधणे थांबविले आणि स्वतंत्र सदनिकांवर भर दिला. १९८६ मध्ये 'एल्डर सेन' ही ज्येष्ठांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. वृद्धाने आपल्या घरात, आपल्या मर्जीने राहावे हे धोरण एकदा स्वीकारले, की त्या घराभोवतीच्या नगरात त्याच्या मर्जीला स्थान काय, हा प्रश्न ओघाने येतोच.

१९९७ ची तरतूद

कारेन येस्पर्सन या सामाजिक व्यवहार मंत्री असताना ज्येष्ठ परिषदांना कायद्याचा आधार मिळाला. पुढे ही तरतूद सामाजिक क्षेत्रातील न्यायसुरक्षा व प्रशासनविषयक कायद्यात समाविष्ट झाली. तिचा आशय थोडक्यात असा : प्रत्येक नगरपालिकेत किमान पाच सदस्यांची परिषद असावी, साठ वर्षे पूर्ण झालेल्या व त्या नगरपालिकेत कायम वास्तव्य असणाऱ्या प्रत्येकाला मत देण्याचा व उभे राहण्याचा अधिकार असावा, निवडणूक थेट असावी व दर चार वर्षांनी व्हावी, खर्च नगरपालिकेने सोसावा. परिषदेने ज्येष्ठविषयक धोरणाबाबत नगर परिषदेला सल्ला द्यावा, नागरिक व नगर परिषद यांच्यात मतांची देवाणघेवाण घडवावी, आणि नगर परिषदेने वृद्धांशी संबंधित सर्व प्रस्तावांवर तिचे म्हणणे ऐकून घ्यावे.

या तरतुदीचे वेगळेपण शेजारी देशांशी ताडून पाहिल्यास स्पष्ट होते. नॉर्वेने डेन्मार्कच्या आधी, १९९१ मध्येच, ज्येष्ठ परिषदा अनिवार्य केल्या होत्या. परंतु तेथे सदस्यांची निवड नगर परिषद करते. स्वीडनमध्ये निवृत्तांच्या मोठ्या संघटनांचे प्रतिनिधी नगरपालिकेच्या मंडळावर बसतात आणि ही व्यवस्था कायद्याच्या सक्तीपेक्षा परंपरेवर चालते. फिनलंडने २०१३ मध्ये परिषद अनिवार्य केली. जर्मनीत ठिकठिकाणी ज्येष्ठांची सल्लागार मंडळे आहेत, पण त्यांचा आधार राज्यागणिक बदलतो. बर्लिनने त्यासाठी २००६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. डेन्मार्कने थेट मतपेटीचा मार्ग घेतला. ज्याने नेमले त्याच्याच तोंडावर नाही म्हणणे अवघड असते, आणि या निवडीमागील शहाणपण तेवढ्यातच आहे.

थेट निवडणुकीवर आक्षेपही घेतला जातो. एकाच नगरात वयाच्या आधारे निवडलेले दुसरे सभागृह उभे राहिले तर लोकप्रतिनिधित्वाचे दोन दावेदार होतात. वृद्धांना नगर परिषदेच्या निवडणुकीत मत आहेच. मग त्यांनाच दुसरे मत का, आणि तरुणांना का नाही? या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. त्याला मिळालेले उत्तर व्यावहारिक आहे. नगर परिषद निर्णय घेते आणि त्याची राजकीय किंमत मोजते. ज्येष्ठ परिषद निर्णय घेत नाही, ती केवळ त्याचे परिणाम आधी सांगते. वैयक्तिक प्रकरणेही तिच्या कक्षेत येत नाहीत. अमुक आजीबाईंना मदतीचे तास कमी का झाले, ही तक्रार परिषद हाताळू शकत नाही. तास ठरविण्याचा निकष योग्य आहे काय, यावर मात्र ती बोलू शकते. निवडणुकीत उमेदवार सामान्यतः पक्षाच्या नावाने नव्हे तर व्यक्ती म्हणून उभे राहतात. काही ठिकाणी जागा तेवढेच उमेदवार असल्याने मतदानाची वेळच येत नाही, हेही नमूद केले पाहिजे.

पंधरा सप्टेंबर ते पंधरा ऑक्टोबर

'वृद्धांशी संबंधित सर्व प्रस्ताव' हे शब्द दिसतात तितके सोपे नाहीत. घरगुती मदतीचे निकष त्यात येतात, हे निर्विवाद. पण बसचा मार्ग बदलला तर? शाखा ग्रंथालय बंद झाले तर? पदपथावरील बर्फ कोणी व केव्हा काढावे, पोहण्याच्या तलावाचे शुल्क किती असावे, नव्या वसाहतीत बाके कोठे असावीत, हे वृद्धांचे विषय आहेत की सर्वांचे? सक्रिय परिषदा या शब्दांचा अर्थ व्यापक लावतात आणि बांधकाम व वाहतूक समित्यांची कार्यक्रमपत्रिकाही वाचतात. आखडत्या हाताचे प्रशासन तो अर्थ समाजकल्याण खात्यापुरता धरते. परिषदेचे खरे वजन किती, याचा निकाल पुष्कळदा या एका शब्दार्थावर लागतो.

परंतु सर्वांत निर्णायक कसोटी अंदाजपत्रकाची आहे. डॅनिश नगरपालिकांच्या कायद्यानुसार अर्थसमिती पुढील वर्षाचा मसुदा १५ सप्टेंबरपूर्वी नगर परिषदेला सादर करते. दोन वाचनांमध्ये किमान तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते. अंतिम मंजुरी १५ ऑक्टोबरपर्यंत द्यावी लागते. या अवधीत परिषदांकडे अभिप्रायासाठी कागद येतात. त्यांत बचतीच्या प्रस्तावांची लांबलचक यादी असते : स्वच्छता दर आठवड्याऐवजी दोन आठवड्यांनी, दिवसकेंद्राची वेळ कमी, भोजनसेवेचे दर वाढीव. निवृत्त शिक्षिका, सुतार, हिशेबनीस अशा पाच-दहा माणसांनी थोड्या दिवसांत अधिकाऱ्यांनी महिनोनमहिने तयार केलेला दस्तऐवज वाचून लेखी मत द्यायचे असते.

त्याच तीन आठवड्यांत बंद दाराआड दुसरेही काही घडत असते. नगर परिषदेतील पक्ष अंदाजपत्रकावर समझोता करतात. परिषदेचा अभिप्राय त्या समझोत्यापूर्वी टेबलावर पोहोचला, तर त्यातील एखादे वाक्य एखाद्या पक्षाच्या हातातील शस्त्र होते. तो समझोत्यानंतर पोहोचला, तर तो फाइलला जोडला जातो. कायदा दोन्ही वेळी पाळलेलाच असतो. ऐकून घेण्याचे बंधन आणि ऐकण्याची तयारी यांतील अंतर येथे दिवसांत मोजता येते. म्हणूनच अनुभवी परिषदा सप्टेंबरची वाट पाहत नाहीत. मसुदा तयार होण्यापूर्वीच समितीच्या अध्यक्षांशी व विभागप्रमुखांशी बैठक व्हावी, असा त्यांचा आग्रह असतो. अधिकार सल्ल्याचाच राहतो, पण सल्ला कच्च्या मातीवर पडतो.

मत न मागवताच निर्णय घेतल्यास नगरपालिकांवरील राज्याच्या देखरेख यंत्रणेकडे दाद मागता येते. हा धाक कमी लेखू नये. पद्धतीतील चुकीमुळे ठराव पुन्हा आणावा लागेल, ही शक्यता कोणत्याही नगर सचिवाला नकोशी असते. त्यामुळे समितीपुढे जाणाऱ्या टिपणात 'ज्येष्ठ परिषदेचा अभिप्राय' हा रकाना आला. नोकरशाहीत एकदा रकाना पडला की तो भरावा लागतो. क्रांतिकारक भाषणांनी जे साधत नाही ते पुष्कळदा एका छापील रकान्याने साधते!

१९९८ पासून घरगुती मदतीच्या दर्जाची मानके नगरपालिकांनी दरवर्षी जाहीर करावीत असा नियम झाला, तेव्हा परिषदांच्या हाती वर्षातून एकदा वाचण्याचा व टीका करण्याचा निश्चित मजकूर आला. २०१५ मध्ये आधी पुनर्वसनाचे प्रशिक्षण आणि मग उरलेल्या गरजेपुरती मदत, असा क्रम कायद्याने घालून दिला. स्वावलंबनाचे हे धोरण १९८० च्या दशकातील आयोगाच्या तत्त्वांशी सुसंगत होते, आणि तेच काटकसरीचे साधनही होऊ शकत होते. दोहोंतील सीमारेषा कोठे, हे अधिकाऱ्याच्या तक्त्यातून कळत नाही; ज्याच्या गुडघ्यांनी जिने चढायचे आहेत त्यालाच ते कळते.

कोणाचा आवाज

परिषदेत कोण येते, हा प्रश्न तरीही राहतो. साठाव्या वर्षी निवडून येणारा माणूस बहुधा नुकताच निवृत्त झालेला किंवा होऊ घातलेला, बैठकांचा सराव असलेला, सायकलवरून सभेला येणारा असतो. ज्यांच्याविषयी सर्वाधिक निर्णय होतात ती मंडळी ऐंशीच्या पुढची, स्मृतिभ्रंश झालेली, खाटेला खिळलेली असतात. ती सभेला येत नाहीत. 'ज्येष्ठ' या एका शब्दात दोन पिढ्या सामावल्या आहेत आणि त्यांतील तरुण पिढी वयस्क पिढीच्या वतीने बोलते. अनेक नगरपालिकांत आता 'ज्येष्ठ' ऐवजी 'सीनियर' परिषद असे नाव स्वीकारले गेले आहे. त्यातही पहिल्या पिढीची स्वतःविषयीची कल्पनाच दिसते. १८९१ च्या कायद्यातही वय साठच होते. तेव्हाचा साठीचा शेतमजूर आणि आजचा साठीचा मतदार यांच्यात त्या आकड्याखेरीज फारसे साम्य नाही.

२००७ नंतर

१ जानेवारी २००७ रोजी दुसरी मोठी पुनर्रचना झाली. २७१ नगरपालिकांच्या ९८ झाल्या. जिल्हा परिषदा रद्द होऊन पाच प्रदेश निर्माण झाले. ज्येष्ठ परिषदांची संख्याही त्याच प्रमाणात घटली. प्रयोगासाठी गाजलेली स्केविंगे नगरपालिका हिलेरॉडमध्ये विलीन झाली. विस्तारलेल्या परिषदांना अधिक सक्षम प्रशासनाशी बोलता येऊ लागले, तर लहान गावांचा स्वतःचा प्रतिनिधी असेलच याची खात्री गेली.

अधिक दूरगामी गोष्ट वेगळीच होती. रुग्णालये प्रदेशांकडे गेली आणि प्रदेशांसाठी थेट निवडलेल्या ज्येष्ठ परिषदेची सक्ती कायद्याने केली नाही. नगरपालिकांतील परिषदांनी एकत्र येऊन प्रादेशिक मंडळे स्थापन केली, पण ती ऐच्छिक राहिली. ऐंशी वर्षांच्या रुग्णाच्या दृष्टीने रुग्णालयातून घरी येण्याचा दिवस सर्वांत धोक्याचा. त्या दिवशी प्रदेशाची जबाबदारी संपते व नगरपालिकेची सुरू होते. ज्येष्ठ परिषदेच्या मताचा हक्क या उंबरठ्याच्या एकाच बाजूला आहे.

१ जुलै २०२५ पासून ज्येष्ठांसाठी स्वतंत्र कायदा लागू झाला असून मिनिटांत मोजलेल्या सेवांऐवजी एकत्रित सेवांवर त्याचा भर आहे. दुसरीकडे नोव्हेंबर २०२४ मधील आरोग्यविषयक राजकीय करारानुसार कोपनहेगन व शीलंडचे प्रदेश एकत्र करून प्रदेशांची संख्या चार करणे आणि नगरपालिकांची काही आरोग्यविषयक कामे प्रदेशांकडे सोपविणे यांसाठी १ जानेवारी २०२७ ही तारीख ठरविण्यात आली. तातडीची शुश्रूषा व विशेष पुनर्वसन ही त्यांतील कामे वृद्धांनाच सर्वाधिक लागणारी आहेत. एखादे काम नगरपालिकेच्या कार्यक्रमपत्रिकेवरून गेले, की 'नगर परिषदेने ऐकून घ्यावे' या वाक्यातील कर्ताच बदलतो. १९९७ चे बंधन नगर परिषदेच्या नावाने लिहिलेले आहे. प्रदेशाच्या नावाने तसे वाक्य अद्याप कायद्यात नाही.